धाकट्यानं आधी उचलायचं

१

वकिलाच्या कारकुनाला एक खोड लागते. कुठलंही घर दिसलं की भिंती, छप्पर, विहीर हे सगळं नंतर. आधी मनात येतं, याचे मालक किती. सोलापुरात मी अकरा वर्षं हेच करत होतो. मिलचा सकाळचा भोंगा झाला की टोपी चढवायची, वकीलसाहेबांच्या माडीवर जायचं, आणि दिवसभर लोकांची खरेदीखतं न् वाटणीपत्रं लिहीत बसायचं. अर्ध्या पेठेच्या चतुःसीमा मला तोंडपाठ होत्या. माझी स्वतःची चतुःसीमा म्हणाल तर भाड्याची एक खोली, तीही घरमालकाच्या गोठ्याला लागून.

त्या खोलीत माझ्या बायकोची, यशोदेची, दोन मुलं गेली. पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला. दुसरी मुलगी बारशाआधीच. भिंतींना बारमाही ओल, डास तर विचारूच नका. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जागा बदला. माहेरी पाठवावं तर तिचं माहेर केमचं, आई कधीच वारलेली, भावजय तोंडाची फटकळ.

अठ्ठावीस सालच्या संक्रांतीला यशोदेनं मला तिळगूळ दिला आणि म्हणाली, "मला चौथा चाललाय. दृष्ट लागेल म्हणून बोलले नव्हते." मी काही बोलणार तेवढ्यात तिनं पुढचं सांगून टाकलं. "हे मूल मी भाड्याच्या खोलीत जन्माला घालणार नाही. आपलं घर बघा. मोडकं चालेल, गळकं चालेल. पण आपलं पाहिजे. हे तरी पुरतं आपलं राहू दे."

कारकुनाच्या पगारात घर. मी हसण्यावारी नेलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

२

काशम्मा आमच्या माडीवर आली ती पुढच्याच आठवड्यात. पन्नाशीची ठेंगणी बाई, कपाळाला भस्माचे पट्टे, वळसंगला भावाकडे राहणारी. नवरा कल्लप्पा वारला होता. बुधवार पेठेत दोघा भावांचं घर होतं, घोंगड्यांचा धंदा होता, तो बुडाला. आता तिला घर विकायचं होतं.

"घर निम्मा माझा, साहेब," ती म्हणाली. "निम्मा नागप्पाचा. आमचा मैदुना तो. मैदुना म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ."

"तो कुठं आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मानमोडीच्या साथीच्या वर्षी घरातनं बाहेर गेला. आला नाही."

म्हणजे दहा वर्षं झाली. वकीलसाहेबांनी तिला समजावलं की असला निम्मा हिस्सा कुणी घेत नसतं. निम्मा म्हणजे डावी बाजू की उजवी, हेही ठरलेलं नाही. अविभक्त हिस्सा म्हणजे प्रत्येक खोलीत निम्मा, प्रत्येक दगडात निम्मा, विहिरीच्या पाण्यातही निम्मा. ती मान हलवत ऐकत राहिली आणि जायला उठली. मी तिच्यामागून जिना उतरलो. खाली रस्त्यावर मी तिला म्हटलं, "बाई, मी घेतो."

कायद्याप्रमाणे सगळं केलं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: नागप्पा यांनी अगर त्यांच्या वारसांनी तीस दिवसांत हजर व्हावं. होटगीला रेल्वेच्या कामावर कुणी नागप्पा आहे असं कानावर आलं, म्हणून होटगीलाही गेलो. फलाटावर एका हमालाला विचारलं, तो नाही म्हणाला, मी चहा प्यालो आणि येणाऱ्या गाडीनं परत आलो. आता लपवून काय करायचंय. तो सापडू नये म्हणूनच मी त्याला शोधत होतो. तो आला असता तर भाव वाढला असता, भानगड वाढली असती, आणि इकडं यशोदेचे दिवस भरत चालले होते.

सही झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "अभिनंदन, मुकुंदराव. विकणाऱ्याच्या जागी घेणारा उभा राहतो. आजपासून तुम्ही कल्लप्पा."

काशम्मानं किल्ली माझ्या हातात दिली, पण तिची मूठ लगेच सुटली नाही. "सगळं घर वापरा," ती म्हणाली. "पण एका खोलीला ताळं घालून ही त्याची म्हणू नका. वाटणी झाली नाही अजून." मी हो म्हटलं. असली वाक्यं ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

३

पाडव्याला राहायला गेलो. गल्लीतून दिंडीदरवाजा, आत अंगण, आणि अंगणापलीकडं शेजारी शेजारी दोन खोल्या, दोन्हींना वेगळी दारं. पूर्वेची खोली धड होती, माळवद शाबूत, तिच्यामागं स्वयंपाकघर आणि विहीर. पश्चिमेच्या खोलीचं निम्मं माळवद खाली आलं होतं. मी तिथं पत्रे टाकून घेतले आणि आम्ही पूर्वेच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. यशोदा पहिल्या दिवशी नुसती या दारातून त्या दारात फिरत होती. तिला इतकं खुश मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी विहिरीचं पाणी काढून घागर भरून ठेवणं हे माझं काम. ती पोटुशी, तिला पोहरा ओढू द्यायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुवायला गेलो तर घागर निम्मी. मी यशोदेला म्हटलं, "एवढं पाणी कशाला लागलं गं?" ती म्हणाली, "मी तर हात नाही लावला."

घागर गळते, असं ठरवलं. खाली जमीन कोरडी ठणठणीत होती, तरी ठरवलं. तांब्याची दुसरी आणली. तीही सकाळी निम्मी. काठी बुडवून पाहिलं. कमी नाही, जास्त नाही.

मग भाकरी. टोपल्यात दोन झाकून ठेवल्या की सकाळी एक. एक ठेवली की अर्धी. मोडलेली नव्हे, कुणीतरी शिस्तीत दोन भाग करून आपला घेतलेला. उंदीर असे खात नाहीत. मला ठाऊक होतं की उंदीर असे खात नाहीत, आणि तरी मी बाजारातून उंदरांचा सापळा आणला.

आणि मग एका सकाळी अंगण झाडलेलं. सगळं नव्हे. दिंडीदरवाजापासून मध्यापर्यंत निम्मं अंगण लख्ख, खराट्याच्या रेघा उमटलेल्या, आणि तिथून पुढं कालचा पाचोळा तसाच. मध्ये दोरी लावल्यासारखी सरळ रेघ.

"तुम्ही झाडलंत?" यशोदेनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलंच. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खराटा घेऊन राहिलेलं अंगण झाडून टाकलं.

४

मी काही भोळसट माणूस नाही. अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या, साक्षीदार खोटं बोलतोय की खरं ते त्याच्या पायांच्या अंगठ्याकडं बघून सांगायचो. तेव्हा पुरावा घ्यायचा ठरवला. तीन केळी आणली, पूर्वेच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, आणि कोनाड्यासमोर खुर्ची टाकून रविवारची सगळी दुपार बसलो. हललो नाही. बाहेर ऊन असं की अंगणाकडं बघवत नव्हतं. यशोदा आत लवंडली होती.

तीनच्या सुमारास शेजारच्या खोलीतून आवाज आला. फट्. मग थोडं थांबून पुन्हा, फट्. घोंगडं दोन हातांनी धरून झटकतात, तसा. मी उठलो, अंगणातून त्या दाराशी गेलो, दार ढकललं. पत्र्याखाली रिकामी खोली. उन्हाच्या तिरपीत लोकरीची तूस तरंगत होती, आणि ती खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

परत आलो तर कोनाड्यात दीड केळं. तिसरं सुरीनं कापल्यासारखं, आणि राहिलेल्या अर्ध्यावर सालीचा पदर नीट मिटून ठेवलेला, माशी बसू नये म्हणून.

त्या मिटलेल्या सालीला मी हात लावला नाही. चोरानं सगळी नेली असती. भुताखेताचं म्हणाल तर त्यानं फेकाफेक केली असती. हा जो कोण होता तो माझ्यासाठी माझा वाटा झाकून ठेवत होता.

संध्याकाळी यशोदेला सांगावंच लागलं. ती घाबरेल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती भाजी निवडत होती, तिनं हात थांबवला नाही. "मला माहितीय," ती म्हणाली. "एक सांगू? रागवायचं नाही. तुम्ही दिवसभर माडीवर. मी एकटी असते. पलीकडं कुणी असलं की मला बरं वाटतं."

मी रागावलो. चांगलाच रागावलो. तिला येडी म्हटलं, आणखीही काय काय बोललो. ती भाजी निवडत राहिली, आणि मला वाटलं की ती मी संपवायची वाट बघतेय, घरात आलेला पाहुणा जायची वाट बघतात तशी.

५

म्हाळसाबाई मागच्या गल्लीतली सुईण. धनगराची, सत्तरीची, हाताला फार चांगली. सातव्यापासून ती रोज यशोदेला तेल लावायला यायची. वैशाखातल्या एका सकाळी तिनं मला अंगणात बोलावलं आणि हात पदराला पुसत राहिली.

"मालक, प्वार कवापासनं येकाच अंगाला हलतंय?"

"म्हणजे?"

"उजवीकडं हात ठिवला तर लाथ लागती, ऊन लागतंय. डावीकडं कायच न्हाई. गार हाय. भिताडावर हात ठिवावा तसं." तिनं पुन्हा हात पदराला पुसला. "जुळं न्हाई, म्या बगितलं. येकच हाय. पर निम्मं हाताला लागतंय आन् निम्मं लागत न्हाई."

मी आत गेलो. यशोदा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्या पोटावर हात ठेवला, आधी उजवीकडं, मग डावीकडं. पुढचं काय लिहू. मी हात काढून घेतला आणि विहिरीवर जाऊन धुतला.

त्याच दिवशी टांगा आणला. आमच्या माडीवरच्या एका कारकुनाचं घर नव्या पेठेत होतं, त्याच्याकडं दोन महिने ठेवू म्हटलं. गल्लीच्या वळणावर टांगा आला न् आला, यशोदेला अशी कळ आली की तिचे डोळे पांढरे झाले. परत फिरवला. दिंडीदरवाजातून आत आणल्याबरोबर कळ गेली, तिनं पाणी मागितलं. दोन दिवसांनी डोलीतून नेऊन पाहिलं. तेच वळण, तेच. या वेळी लुगड्याला रक्त लागलं.

म्हाळसाबाई माझ्या अंगावर खेकसली. "पुन्यांदा हलवाल तर दोगंबी जातील. लई झालं. हितंच बाळंत हुंद्या."

मला दोन मुलं पोहोचवायचा अनुभव होता. तिसऱ्याचं, आणि त्याच्या आईचं, मनात आलं की मला बसवत नसे. उभा राहिलो की उभं राहवत नसे. वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं, "मुकुंदराव, काय झालंय? कागदावर नुसते डाग पाडताय."

६

उपाय मला माडीवरच सुचला, दुसऱ्या कुणाचं तरी वाटणीपत्र लिहिताना. सगळा घोटाळा अविभक्तपणाचा होता. वाटणी नाही तोवर त्याचा निम्मा हिस्सा प्रत्येक गोष्टीत. एकदा वाटणी झाली की ज्याचं त्याचं. मग माझ्या भागात जे असेल ते पुरतं माझं. समोरच्याची सही नसलेलं वाटणीपत्र चुलीत घालायच्या लायकीचं असतं, हे मला काय कळत नव्हतं? पण कळण्याचा काळ मागं पडला होता.

वळसंगला जाऊन काशम्माला घेऊन आलो. येताना बैलगाडीत तिनं रीत सांगितली.

"वाटा थोरल्यानं पाडायचा. उचलायचं धाकट्यानं आधी. एका उंबऱ्यावर सुपारी ठेवायची, एका उंबऱ्यावर हळकुंड. थोरल्यानं पाठ करायची. धाकटा जे उचलेल तो वाटा त्याचा. मागं बोलायचं नाही."

"कल्लप्पांनी पाडला होता वाटा?"

"पाडला होता. नागप्पा पंचाला बोलवायला म्हणून गेला. त्याचं उचलायचं राहिलंय की." एवढं बोलून तिनं तोंड रस्त्याकडं फिरवलं. मीही जास्त खोदलं नाही, मला माझ्या घराची पडली होती.

मी कल्लप्पाच्या जागी उभा होतो, म्हणजे थोरला मी. वाटा मी पाडायचा. इथं माझं कारकुनी डोकं चाललं. आजवर हजार वाटे तोलून मापून सारखे लिहिले असतील. हा मुद्दाम वाकडा पाडला. पूर्वेची धड खोली, शाबूत माळवद, स्वयंपाकघर, विहीर, अंगणाचा मोठा तुकडा, हे सगळं एका वाट्यात. पत्र्याची पडकी खोली दुसऱ्यात. डोकं ठिकाणावर असलेला कुठलाही माणूस पहिला वाटा उचलेल. उचलू दे. मला विहीर नको होती, माळवद नको होतं. पडक्या खोलीत मला माझी बायको आणि माझं मूल पुरतं पाहिजे होतं.

आदल्या दिवशी यशोदेची बाज पश्चिमेच्या खोलीत हलवली. "चांगली खोली सोडून इथं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तिकडं उंदीर झालेत. पत्र्यावर गोणपाट ओले करून टाकले, तरी आत भट्टी. तिनं तक्रार केली नाही. आजूबाजूला पाहून एवढंच म्हणाली, "इथं लोकरीचा वास येतो, छान."

मग वाटणीपत्र लिहिलं. चतुःसीमा झाल्या, वर्णन झालं, आणि शेवटचा मजकूर हातानं सवयीनं लिहून टाकला, जसा तो हजार कागदांवर लिहिला होता: प्रत्येकानं आपापल्या वाट्याचा, त्यात जे जे काही असेल त्यासह, वंशपरंपरा उपभोग घ्यावा, दुसऱ्यानं कोणत्याही प्रकारची हरकत घेऊ नये, घेतल्यास ती रद्दबातल समजावी. खाली सही केली. काशम्माचा अंगठा घेतला.

७

ज्येष्ठातली दुपार, वारा पडलेला. पूर्वेच्या उंबऱ्यावर मी सुपारी ठेवली, पश्चिमेच्या उंबऱ्यावर हळकुंड. अंगणात चुन्याची रेघ मारली. आणि नेमक्या त्याच वेळी यशोदेच्या कळा सुरू झाल्या. म्हाळसाबाई आत पळाली. मी म्हटलं, थांबवू या, उद्या करू. काशम्मानं मान हलवली. "मांडल्यावर उचलायचं नाही तुम्ही. तो आला असेल."

आम्ही दोघं गल्लीत उभे राहिलो, घराकडं पाठ करून. मी कागद वाचून दाखवला. कुणाला वाचून दाखवत होतो देव जाणे. समोरच्या भिंतीवर एक सरडा होता, मी त्याच्याकडं बघत वाचत होतो. मग म्हटलं, "नागप्पा, तू धाकटा. आधी तू उचल."

काही झालं नाही. आतून यशोदेचं कण्हणं येत होतं, म्हाळसाबाईचं "सोस गं बाई, सोस" येत होतं. मग अंगणात आवाज झाला. फट्. आणि पुन्हा, फट्. प्रवासातून आलेला माणूस घरात शिरण्याआधी खांद्यावरचं घोंगडं झटकतो तसा. त्यानंतर पावलं. ती पूर्वेकडं गेली. सुटलो म्हणून मी डोळे मिटले. पूर्वेच्या दाराशी ती थांबली, बराच वेळ थांबली. मला वाटतं त्यानं आत डोकावून पाहिलं असेल. रिकामी खोली, रिकामं स्वयंपाकघर.

पावलं परत फिरली.

मी वळलो. रीत न् बीत गेली खड्ड्यात, मी वळलो. पूर्वेच्या उंबऱ्यावर सुपारी जशीच्या तशी होती. पश्चिमेच्या उंबऱ्यावर काही नव्हतं, आणि ते दार आतून लागत होतं. घाई नाही, आदळआपट नाही. उन्हाच्या वेळी आपल्या घराचं दार माणूस लावून घेतो तसं कुणीतरी ते लावून घेतलं, आणि आत कडी पडली.

मी अंगण ओलांडून दारावर धडका मारल्या. यशोदेला हाका मारल्या, म्हाळसाबाईला शिव्या दिल्या. हातातून रक्त आलं. काशम्मानं मागून माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "झाली, साहेब," ती म्हणाली. "वाटणी झाली."

तेवढ्यात आत मूल रडलं. कसं सांगू, असं खणखणीत रडणं आमच्या पहिल्या दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. छातीच्या दोन्ही बाजू भरून रडत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

घटकाभरानं कडी निघाली. दार म्हाळसाबाईनं उघडलं, वीतभर. तिच्या खांद्यावरून मला बाज दिसली. यशोदा उशीला टेकून बसली होती, मांडीवर कापडात गुंडाळलेलं मूल, पुरतं, गोरंपान, दोन्ही मुठी हलवणारं. तिनं वर पाहिलं. मला पाहिल्याबरोबर तिनं चटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"म्हाळसाबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "दारात कुणी आलंय. विचारा, काय काम आहे."

म्हाळसाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. रोज मला मालक म्हणणारी बाई. "काय वो? बाळंतिणीच्या खोलीत आसं डोकवायचं आस्तंय व्हय? मालक घरात हायती. काय काम आसंल तर सांजच्याला या."

बाजेच्या पायथ्याशी अंधार होता. त्यातून एक हात पुढं आला, राकट, मनगटावर लोकरीची तूस चिकटलेली, आणि त्यानं मुलाच्या अंगावरचं कापड नीट केलं. एवढंच मला दिसलं. माझ्या कानाशी काशम्माचा आवाज आला, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"बंद्या, नागप्पा?" ती कानडीत विचारत होती. आलास का. तिचा चेहरा रडून ओला झाला होता आणि ती हसत होती. दार लागलं.

८

मी वेडा झालो असं कुणाला वाटत असेल तर त्यांना मी दोष देत नाही. मीही बरेच दिवस तेच धरून चाललो, त्यात सोय होती. पण मी रोज माडीवर जातो, कागद लिहितो, एक चूक होत नाही. वकीलसाहेबांना मी ते वाटणीपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "यात काय बिघडलंय? सही तुमची, मजकूर चोख, आणि विहीर माळवदासकट चांगला भाग तुमच्याकडं. शेजाऱ्याचं काय दुखणं आहे तुम्हाला?" केमला मेव्हण्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर पोस्टमननं शेजारच्या दारात टाकलं. गल्लीत विचारलं तर म्हणतात, नागप्पा ना, आत्ताच बाहेर गेला. नाहीतर म्हणतात, आत झोपला असेल. त्याला पाहिलेला माणूस मला सहा वर्षांत भेटलेला नाही.

मी पूर्वेच्या खोलीत राहतो. घागर आता सकाळी भरलेली असते. भाकरी तशीच्या तशी, वाळून जाते. भिंतीपलीकडून पोरीचं हसणं ऐकू येतं, यशोदा ओव्या म्हणते ते ऐकू येतं, आणि कधी कधी दुपारी ती कुणाशी तरी बोलताना थांबून थांबून बोलते, समोरचा बोलत असल्यासारखी. त्याचा आवाज ऐकायचा म्हणून मी कित्येकदा भिंतीला कान लावून बसलो. यशोदा माझ्याशी बोलत नाही. विहिरीवर यायचं झालं तर आधी म्हाळसाबाईला पाठवून विचारते.

काल सकाळी म्हाळसाबाई पोरीला घेऊन माझ्या दारात आली. हातात शाळेचा छापील अर्ज. मुलींच्या शाळेत नाव घालायचं होतं, आणि गल्लीत लिहिणारा मीच.

मी दौत काढली. पोरगी माझ्या गुडघ्याशी येऊन टेकली. तिची जिवणी हुबेहूब माझ्या आईची आहे. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"नाव?"

"पार्वतम्मा," पोरगीच म्हणाली. "माझ्या आजीचं आहे."

माझ्या आईचं नाव पार्वती नव्हतं. मी लिहिलं. जन्मतारीख मला विचारावी लागली नाही. मग पुढची ओळ आली, आणि टाक तिथंच थांबला. शाईचा थेंब पडेल म्हणून मी तो बाजूला धरला.

"बापाचं नाव?" मी विचारलं.

म्हाळसाबाई हसली. "आता गं बया. सा वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हाताय की. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मी पोरीकडं पाहत राहिलो. तिला वाटलं, मला खरंच माहीत नाही. मास्तर पोरांना सांगतात तसं तिनं एकेक अक्षर सुटं करून मला सांगितलं, आणि मी ते लिहिलं. अर्ज वाळावा म्हणून तिनं गाल फुगवून फुंकर घातली.

"काका, बरोबर लिहिलंय ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.